मोजमापांची पेटी

बालरोगतज्ज्ञाचे निम्मे आयुष्य मोजण्यात जाते. वजन, उंची, डोक्याचा घेर, श्वासांची गती! गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे अमेरिकेतील ओरेगन राज्यात गेले असता ही सवय एका खेळात अनपेक्षितपणे उपयोगी पडली. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

एकाने पेटी दडवायची, तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने ती शोधायची, असा हा खेळ. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरून फिरतात. त्यांचे नागरी संदेश अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम सदोष ठेवीत असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. २ मे २००० रोजी हा अडसर दूर झाला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधीलच बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली दडवून तिचे स्थान जाहीर केले. खेळाचा आरंभ तो.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीला स्वतःची पेटी दडवायची होती. अशा पेटीला एखादा विषय दिला की शोधणाऱ्याची गोडी वाढते. "आत्या, तू सारखी मोजतच असतेस, आपण मोजमापांची पेटी करू," असे तिनेच सुचविले.

प्रथम नियम पाहिले. जागेच्या मालकाची परवानगी हवी. पेटी जमिनीत पुरायची नाही. दुसऱ्या पेटीपासून ती किमान १६१ मीटर दूर हवी. खाद्यपदार्थ, चाकू, स्फोटक वस्तू वर्ज्य. बेवारस वस्तू म्हणून कोणी घाबरू नये यासाठी पेटीवर खेळाचे नाव स्पष्ट लिहावे. देखभालीची जबाबदारी दडवणाऱ्याची. मी बडोद्यास परतणार असल्याने पेटी भावाच्या नावे नोंदविली आणि स्वयंसेवक परीक्षकाच्या संमतीनंतरच ती जाहीर झाली.

शोधही विषयाला साजेसा हवा. उद्यानातील बाकाच्या फळ्या आणि पुलाच्या कठड्याचे खांब मोजावेत व त्या संख्या रेखांशाच्या रिकाम्या जागी भराव्यात, अशी योजना ठरली. भाचीला एका झाडाच्या बुंध्याचा घेरही त्यात हवा होता. मी म्हटले, "अगं, झाड वाढतं. पुढच्या वर्षी उत्तर चुकेल." वाढणाऱ्या जिवाचे माप एकदा घेऊन भागत नाही, हे आपणा डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

मग झाकण घट्ट बसणाऱ्या जलरोधक डब्यात शिंप्याची फीत, कोनमापक, लाकडी पट्टी आणि सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांच्या दंडाचा घेर मोजणारी तिरंगी पट्टी ठेवली. हा घेर ११५ मि.मी.हून कमी भरला, तर ती तीव्र कुपोषणाची खूण, हे मी एका चिठ्ठीत लिहिले. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत घातली. सोबत पेन्सिल, कारण ओलाव्याने शाई फुटते. वस्तू घेणाऱ्याने त्याच विषयातील दुसरी ठेवावी, अशी विनंतीही केली.

खरा वाद झाला तो दोन वस्तूंवरून. घरातील जुना पाऱ्याचा तापमापक मी बाजूला ठेवला; काच फुटली तर पारा सांडेल. भाचीचे आवडते छोटे डिजिटल घड्याळही नाकारले, तेव्हा ती रुसली. मी तिला कारण सांगितले. घड्याळातील बटणासारखा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर विजेच्या प्रवाहामुळे तेथे क्षार तयार होऊन दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये; तातडीने एक्स-रे काढावा, सेल काढावा. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे ३.२ सें.मी. व्यासाच्या नळकांड्यात मावणारी कोणतीही वस्तू घुसमटीचा धोका मानावी. पेटी दहा वर्षांच्या मुलीने भरली, तरी ती उघडताना शेजारी तिचा दोन वर्षांचा भाऊ असू शकतो.

मी परतल्यावर काही आठवड्यांनी भाचीचा फोन आला. कोणीतरी फीत नेऊन तिच्या जागी घडीची पट्टी ठेवली होती. शिवाय एक चिमुकली विजेरीही.

"आत्या, तिच्या झाकणाला स्क्रू नव्हता. सेल सहज निघत होता. मी ती काढून बाबांकडे दिली."

त्या दिवशी मला आपल्या व्यवसायातील एक जुनी गोष्ट पुन्हा पटली. मुलांना नियम सांगितला तर ती कुरकुरतात; कारण सांगितले तर ती स्वतःच राखण करू लागतात.