शीद
शीद : प्राचीन आयरिश भाषेतील एक नपुंसकलिंगी नाम. ग्रंथांतून त्याचे दोन अर्थ आढळतात : अमानवी गणांचे वसतिस्थान असलेला टेकडीवजा उंचवटा आणि शांतता किंवा सलोखा. अंत्य व्यंजन लोपून आधुनिक आयरिशमध्ये ‘शी’ हे रूप रूढ झाले.

‘बसणे’ या अर्थाचा ‘सेद्’ हा इंडो-यूरोपीय धातू या शब्दाच्या मुळाशी आहे. संस्कृतातील सद् धातू व त्यापासून झालेले सदस्, सदन, परिषद् हे शब्द त्याच कुळातील होत. ‘सीदति’ या रूपाशी दिसणारे साम्य मात्र फसवे आहे. केल्टिक भाषांत मूळ दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होतो, म्हणून शीदमध्ये ईकार आला. ‘सीदति’मधील ईकाराचे कारण निराळे. शब्दाचा मूळ अर्थ ‘आसन, निवास’ असा धरावा लागतो.

आसनापासून उंचवटा हा अर्थ सहज निघतो. शांतता कशी निघाली, हा खरा प्रश्न. रॉयल आयरिश अकादमीच्या कोशाने (१९१३–७६) हे दोन स्वतंत्र शब्द मानले. तोमास ओ काहसी यांनी १९७०–८० या दशकात त्यांचा परस्परसंबंध प्रतिपादिला आणि कथांची साक्ष त्यास अनुकूल आहे. मीलच्या पुत्रांनी आयर्लंड जिंकल्यावर तूआथा दे दानन या दैवी गणाने त्यांच्या धान्याची व दुधाची नासाडी चालविली. त्या गणाचा प्रमुख दाग्दा याच्याशी सख्य केल्यावरच पीक व दूध मिळू लागले. राज्यातील शांतता व सुबत्ता शीदवासीयांच्या अनुकूलतेवर अवलंबून असते, ही धारणा यामागे दिसते. कोन्ला या राजपुत्राच्या कथेत तर शब्दाच्या दोन्ही अर्थांवर उघड श्लेष साधलेला आहे. वेल्शमध्येही ‘हेद’ (शांतता) व ‘गोर्सेद’ (उंचवटा, राजासन) हे शब्द याच धातूपासून झाले.

शीद म्हणून गणलेली अनेक स्थळे वस्तुतः प्रागैतिहासिक दफनस्थाने आहेत. बॉइन नदीकाठचे न्यूग्रेंज (सु. इ. स. पू. ३२००) हे दाग्दाचा पुत्र ओएंगस याचे घर मानले जाई.

पुढे स्थलवाचक शब्द तेथील रहिवाशांनाच लागू झाला. मृत्यूची पूर्वसूचना देत आक्रोश करणारी ‘बॅन्शी’ म्हणजे मुळात ‘शीदमधील स्त्री’. दुसरा अर्थ ‘शीखान’ (शांतता) या साधित शब्दात टिकून आहे. आयर्लंडच्या पोलीस दलाच्या ‘गार्दा शीखाना’ (शांतिरक्षक) या नावात तोच येतो.