उत्तरे जुळवण्याचा हिशेब

मे महिन्याच्या उन्हात जळगाव आणि धुळे येथील केंद्रांवरून 'नीट' म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा देऊन बाहेर पडणारे विद्यार्थी प्रश्नपुस्तिका सोबत नेऊ शकतात, मात्र गोल काळे केलेली उत्तरपत्रिका केंद्रावरच जमा होत असल्याने उत्तरे जुळवताना पुस्तिकेवरील खुणांवर आणि स्मरणावरच भिस्त ठेवावी लागते. पुस्तिकांच्या संचांत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, म्हणून क्रमांकाने केलेली तुलना फसवी ठरते. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकल्यास 1 वजा होतो, त्यामुळे एका उत्तराने 5 गुणांचा फरक पडतो.

पुढे परीक्षा घेणारी संस्था तात्पुरती उत्तरसूची जाहीर करते आणि ठरावीक शुल्क भरून तिच्यावर हरकत घेता येते. ही तरतूद केवळ कागदोपत्री नाही, हे 2024 साली दिसले. अणूविषयीच्या एका प्रश्नात, एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकामुळे, दोन पर्याय ग्राह्य धरले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि सुधारित निकालात अव्वल विद्यार्थी 61 वरून 17 वर आले.

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा 2018 साली सुरू झालेले जळगावचे, तेथील प्रवेश अंतिम उत्तरसूचीवरच ठरतो. मित्राशी जुळलेल्या उत्तरांना तेथे किंमत नाही.