खानदेशातून मॉन्टेव्हिडिओ

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कंपनी दोन-तीन वर्षांसाठी उरुग्वेला पाठवतेय. मॉन्टेव्हिडिओला." पाठोपाठ फोन त्याच्या आईने घेतला. अक्काचा प्रश्न एकच होता, "तिकडे आपलं कोण आहे रे?"

अमेरिका म्हटले असते तर हा प्रश्न आला नसता. न्यू जर्सीत, डॅलसमध्ये, कॅलिफोर्नियात जळगाव-धुळ्याची घरे आता गल्लीगल्लीतून सापडतात. दक्षिण अमेरिकेचे तसे नाही. अक्काला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर वर्षभर वाचत गेलो, भाच्याशी बोलत गेलो, आणि त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

आधी देशाचा आकार पाहू. २०२३ च्या जनगणनेनुसार उरुग्वेची लोकसंख्या सुमारे ३५ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती. म्हणजे अख्खा देश जळगाव जिल्ह्यापेक्षा लहान. क्षेत्रफळ मात्र जळगावच्या साधारण पंधरा पट. या माणसांपैकी जवळपास निम्मी राजधानी मॉन्टेव्हिडिओत आणि तिच्या आसपास राहतात. उरलेल्या मोकळ्या माळरानावर माणसांपेक्षा तिपटीहून अधिक गुरे चरतात. माणूस कमी, गुरे जास्त, हे ऐकून अक्काला थोडा धीर आला. ही गुरे प्रामुख्याने खाण्यासाठी पाळतात, हे तिला नंतर कळले.

"आपलं कोण आहे" या प्रश्नाचे पहिले उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात होते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला अर्जेंटिनाचा प्रदेश हे त्याचे माहेर मानतात. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. मिरचीच्या रानटी जाती बोलिव्हियाच्या परिसरात उगम पावल्या आणि आपण खातो ती मिरची मेक्सिकोत माणसाळली. मका मेक्सिकोचा. सीताफळ, पपई, पेरू, टोमॅटो हे सगळे त्याच खंडांतून सोळाव्या शतकानंतर, बरेचसे पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आपल्याकडे आले. आज खानदेशात पिकणारा बहुतेक कापूसदेखील मूळच्या मेक्सिकोकडच्या जातीचा आहे. भरताचे वांगे तेवढे इथले. त्यात ठेचून घातलेली मिरची आणि शेंगदाणा तिकडचा. नंदुरबारच्या बाजारात वाळत पडलेली लाल मिरची पाहून ती परकी आहे असे कुणी म्हणणार नाही.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. ब्राझीलच्या गवताळ प्रदेशांत आज वशिंडाची जी गुरे दिसतात, त्यांचे पूर्वज आपल्याकडचे: आंध्रातले ओंगोल, सौराष्ट्रातले गीर, गुजरातेतले कांकरेज. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ती जहाजाने गेली आणि तिथल्या उष्ण हवेत टिकली, वाढली.

पिके गेली-आली, गुरे गेली. माणसे मात्र फारशी गेली नाहीत. दक्षिण अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत ते गयाना आणि सुरिनाम या दोन देशांत. गयानाला गिरमिटियांची पहिली जहाजे १८३८ मध्ये पोचली, सुरिनामला १८७३ मध्ये. त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते आणि कलकत्त्याच्या बंदरातून गेले. रत्नागिरीकडची मराठी माणसे मॉरिशसला गेली. खानदेश या साखळीत नव्हता. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. खानदेश तेव्हा बाहेरची माणसे ओढून घेणारा मुलूख होता. शिवाय गयानात इंग्रजांचे राज्य होते आणि सुरिनामात डचांचे. स्पॅनिश भाषेच्या देशांत जायला ना जहाज होते, ना दलाल, ना आधी गेलेला कुणी चुलता.

तरीही एक मराठी माणूस स्पॅनिशभाषक अमेरिकेत जाऊन राहिला, आणि तो सहज गेलेला नव्हता. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढण्याच्या खटपटीत राहिले. परतीची वाट बंद झाल्यावर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. नकाशात मेक्सिको उत्तर अमेरिकेत मोडतो. पण भाषा, कायदे आणि रीतिरिवाज यांचा विचार केला तर मॉन्टेव्हिडिओला जाणाऱ्या मराठी माणसाचा पूर्वज शोधायचा तो इथेच. राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराशी त्यांची मैत्री होती. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील रिव्हेराच्या एका चित्रात भाकरी वाटून देणारा माणूस खानखोजेच आहेत असे मानतात. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच १९२४ साली रवींद्रनाथ टागोर पेरूला जायला निघाले आणि आजारी पडून अर्जेंटिनात बुएनोस आयरेसजवळ व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात राहिले. टागोर पाहुणे होते, काही आठवड्यांनी परतले. खानखोजेंना तिथला रहिवासी व्हावे लागले.

आजचा मार्ग वेगळा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००२ मध्ये मॉन्टेव्हिडिओत केंद्र सुरू केले. कारण समजायला घड्याळ पाहावे. मॉन्टेव्हिडिओ भारताच्या साडेआठ तास मागे आहे, आणि न्यूयॉर्कच्या जेमतेम एक-दोन तास पुढे. अमेरिकेतल्या ग्राहकाचा दिवस तोच तिथला दिवस. त्यात स्पॅनिश येणारे शिकलेले मनुष्यबळ. भरती मुख्यतः स्थानिकांची होते. पण काम लावून द्यायला भारतातून काही माणसे जातात. पुढे इतर कंपन्याही या खंडात गेल्या. पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयांतून आणि आपल्या विद्यापीठातून निघालेली मुले अशीच तिकडे पोचतात.

जाण्याआधीची लढाई कागदांची असते. तिथे वास्तव्याचा परवाना हवा तर जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला लागतो, आणि प्रत्येकावर अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून परराष्ट्र खात्याने लावलेली मोहर. भारतात ही पद्धत २००५ पासून आहे, उरुग्वेत २०१२ पासून. दाखला आधी मुंबईत राज्य शासनाकडून तपासून घ्यावा लागतो, मग परराष्ट्र खात्याकडे, आणि तिकडे पोचल्यावर उरुग्वेच्या अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. भाच्याच्या जन्मनोंदीत बाळाचे नावच नव्हते. फक्त "मुलगा" आणि वडिलांचे नाव. बारशाआधी नोंद झाली आणि नाव घालायला कुणी गेलेच नाही. ते घालून घेण्यात दीड महिना गेला. वाचकांपैकी कुणाच्या घरी परदेशाचे घाटत असेल तर हा दाखला आजच काढून पाहावा.

नावाची दुसरी गंमत तिथे गेल्यावर कळते. स्पॅनिश रीतीने माणसाला दोन आडनावे असतात: पहिले बापाचे, दुसरे आईचे. आपले नाव म्हणजे स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. तिथला कारकून मधले नाव पहिले आडनाव समजतो. म्हणजे शांताराम हे आडनाव झाले आणि पाटील हे आईचे माहेर! बायका तिथे लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. त्यामुळे एकाच आडनावाचे नवरा-बायको पाहून नाते कोणते, असा प्रश्न सहज येतो. म्हणून प्रत्येक अर्जात नाव पारपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहायचे, हा नियम भाच्याने स्वतःला घालून घेतला. रहिवासाची नोंद झाली की 'सेदुला' नावाचे ओळखपत्र मिळते, आणि मग बँक, फोन, दवाखाना सगळे त्यावर चालते.

घर भाड्याने घ्यायला नुसती अनामत पुरत नाही, हमी लागते. ती विमा कंपनी किंवा हमी देणारी संस्था पगार पाहून देते. घर निवडताना मात्र आपले ज्ञान उलटे करावे लागते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सूर्य उत्तरेकडून फिरतो. उत्तरेकडे खिडकी असलेल्या घरात हिवाळ्यात ऊन येते, दक्षिणेकडचे घर गार आणि ओलसर. जून-जुलैमध्ये नदीवरून बोचरा वारा येतो. धुळ्याचा मे सोसलेल्या माणसाला ती थंडी जड जाते.

भाषेत मराठी माणसाला एक सोय आहे. तू आणि तुम्ही हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. तिथे 'व्होस' आणि 'उस्तेद' असा तो आहे. आपल्याला तीन लिंगे सांभाळायची सवय, त्यांची दोनच. अडचण उच्चाराची. पुस्तकात 'काये' शिकून गेलेला भाचा मॉन्टेव्हिडिओत 'काशे' ऐकून गोंधळला. रस्ता हाच तो शब्द. त्याची सात वर्षांची मुलगी चार महिन्यांत त्याला सुधारू लागली. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा मोफत आहेत, पांढरा झगा आणि गळ्याशी निळा फितीचा बो हा गणवेश. १८७० च्या दशकात होसे पेद्रो वारेला यांनी घालून दिलेल्या पायावर हे शिक्षण उभे आहे आणि ते धर्मनिरपेक्ष आहे. हा देश त्या बाबतीत इतका काटेकोर की नाताळाचे सरकारी नाव 'कुटुंबदिन' आहे.

जेवणाबद्दल भाच्याने पहिल्याच आठवड्यात अहिराणीत कळवले, "आठे मिरची शे मामा, पन तिखट नही." ज्या खंडाने जगाला मिरची दिली त्याच्या या कोपऱ्यात लोक तिखट खात नाहीत. रविवारी निखाऱ्यावर गोमांस भाजणे हा घरोघरचा सोहळा, आणि शाकाहारी माणसाला त्याच्या कडेला भाजलेले रताळे, मका आणि ढोबळी मिरची. शेंगदाणे, डाळी, तांदूळ, भाज्या मिळतात. कळण्याचे पीठ मिळत नाही. केळी ब्राझील-इक्वेडोरहून येतात. म्हणजे आपल्या ताटातला अर्धा ऐवज त्या भूमीचा असूनही आपले ताट तिथे तयार मिळत नाही. ऐवज आणि चव यांत मधे माणसे असतात, हे अशा वेळी कळते.

दिवाळी तिथे वसंतात येते. संध्याकाळी सात वाजून गेले तरी उजेड असतो, पणती लावायला थांबावे लागते. धुळ्याला संध्याकाळी सातला लक्ष्मीपूजन सुरू होते तेव्हा मॉन्टेव्हिडिओत सकाळचे साडेदहा, कामाचा दिवस. गेल्या वर्षी भाच्याने कार्यालयाच्या जिन्यात उभे राहून फोनवर आरती ऐकली. शहराच्या वीस किलोमीटरहून लांब किनारमार्गाच्या एका भागाला महात्मा गांधींचे नाव आहे; रविवारी ते तिघे तिथे फिरायला जातात.

आता खरा प्रश्न. कंपनी मुदत वाढवायला तयार आहे. उरुग्वेच्या राज्यघटनेनुसार कुटुंबासह राहणाऱ्याला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एकट्याला पाच. सून म्हणते मुलीची शाळा चांगली आहे. पण आपली घटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते. २००५ पासून असलेल्या ओसीआय कार्डावर येता-जाता आणि राहता येते, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. साक्री तालुक्यातल्या चार एकरांचा वारस असलेल्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावे लागते.

खानखोजेंनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले, लग्न बेल्जियन स्त्रीशी केले, मुली तिकडे वाढल्या. इंग्रजांच्या काळ्या यादीमुळे स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांना परत येता आले नाही. १९५५ च्या सुमारास ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यासमोर परतीचे दार इंग्रज सरकारने लावले होते. भाच्याच्या पिढीसमोर ते दार उघडे आहे, आणि ते लावायचे की नाही हे त्यांचे त्यांनीच ठरवायचे आहे. हे सोपे आहे असे कुणी समजू नये. भुईमुगाला इथला होण्यासाठी काही सोडावे लागले नाही. माणसाला लागते, आणि काय सोडतो आहोत हे अर्ज भरण्याआधी नीट वाचलेले बरे.

परवा अक्काने पुन्हा विचारले, "तिकडे आपलं कोण आहे?" या वेळी उत्तर सोपे होते. तिची नात आहे. ती आजीला फोनवर शेंगदाण्याला 'मानी' म्हणतात हे शिकवते, आणि आजी तिला 'भुईमूंग' म्हणायला लावते. रोज धुळ्याच्या रात्री साडेआठला, तिकडच्या दुपारी बाराला.