रोमन अक्षर आणि वर्ण : दीर्घ इंग्रजी शब्दांच्या शोधाची भाषिक बाजू

विशिष्ट अक्षरे असलेले लांबलचक इंग्रजी शब्द हुडकणे हा सामान्यतः शब्दकोडी सोडविणाऱ्यांचा, फावल्या वेळेचा उद्योग मानला जातो. दिमित्री बोर्गमन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे 'लँग्वेज ऑन व्हेकेशन' हे नावच या समजुतीला दुजोरा देते. तथापि १९६८ मध्ये त्यांच्याच संपादकत्वाखाली 'वर्ड वेज' हे केवळ शब्दरचनेच्या अशा वैचित्र्यांना वाहिलेले नियतकालिक सुरू झाले आणि या उद्योगाला अभ्यासाचे काहीसे रूप आले. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर त्यातून इंग्रजी शब्दांची घडण उलगडते. दुसरे असे, की अक्षरांच्या बंधनावर उभ्या असलेल्या साहित्यप्रकारांची तुलना करताना 'अक्षर' या संज्ञेने होणारा घोटाळा त्यातून स्पष्ट होतो.

प्रथम शोधाच्या साधनांचा विचार करावयास हवा. नेहमीचा कोश शब्दाच्या आद्याक्षरानुसार लावलेला असतो. त्यामुळे 'एस'ने सुरू होणारा शब्द सहज सापडतो. पण ज्याच्या पोटात 'वाय' आणि 'पी-एच' आहेत असा शब्द शोधावयाचा झाल्यास सगळा कोश चाळण्यावाचून गत्यंतर नसते. शब्दाच्या शेवटाकडून लावलेल्या व्युत्क्रम कोशांनी ही अडचण अंशतः दूर केली. मार्टिन लेनर्ट यांचा १९७१ चा इंग्रजी व्युत्क्रम कोश हे त्याचे परिचित उदाहरण होय. १९८९ मध्ये वीस खंडांत निघालेली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये संगणकीय तबकडीवर आली आणि शब्दातील अज्ञात अक्षरांच्या जागी खूण ठेवून शोध घेणे शक्य झाले. आज असा शोध क्षणार्धात होतो. मात्र हाती येते ती यादी. अमुक अक्षरे अमुकच शब्दांत एकत्र का आली, या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत नसते. ते शब्दांच्या घडणीत शोधावे लागते.

इंग्रजी शब्द लांब होतो तो मुख्यतः उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांमुळे. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' या २८ अक्षरी शब्दात मूळ क्रियापदाची अक्षरे अवघी नऊ आहेत. उरलेली १९ दोन उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या वाट्याची आहेत. म्हणजेच दीर्घ शब्दातील बहुसंख्य अक्षरे धातूची नसून प्रत्ययांची असतात. 'ई' हा एकच स्वर असलेला लांब शब्द हवा असेल, तर ज्यांत केवळ 'ई' आहे असे प्रत्यय शोधावे लागतात. 'लेस' आणि 'नेस' हे जुन्या इंग्रजीतून आलेले प्रत्यय तसे आहेत. ते 'स्ट्रेंग्थ' या तशाच जुन्या शब्दाला जोडले, की 'स्ट्रेंग्थलेसनेस' हा १६ अक्षरी शब्द सिद्ध होतो. याउलट 'ई' मुळीच नसलेला दीर्घ शब्द हवा असल्यास लॅटिनकडे वळणे सोयीचे ठरते. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' या २९ अक्षरी शब्दात 'आय' नऊ वेळा येतो, 'ई' एकदाही नाही. कारण 'क्षुल्लक' अशा अर्थाने वापरली जाणारी चार लॅटिन रूपे जोडून तो बनविलेला आहे. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये विदूषकी पात्राच्या तोंडी येणारा २७ अक्षरी लॅटिन शब्दही याच जातीचा असून त्यात व्यंजन आणि स्वर अथपासून इतिपर्यंत आळीपाळीने येतात.

एकही अक्षर पुन्हा न येणाऱ्या शब्दांची गोष्ट याहून बोलकी आहे. 'डर्मॅटोग्लिफिक्स', म्हणजे हातापायांच्या त्वचेवरील रेषांचा अभ्यास, ही १९२६ मध्ये हॅरल्ड कमिन्स यांनी रूढ केलेली संज्ञा १५ अक्षरांची आहे. 'त्वचा' आणि 'कोरणे' या अर्थांच्या ग्रीक अंगांनी ती घडली आहे; तिच्या मध्यभागी असलेले 'वाय' आणि 'पी-एच' हे त्या ग्रीक वंशाचे दाखले होत. 'अनकॉपीराइटेबल' हाही १५ अक्षरी शब्द. त्यात एकही अक्षर दोनदा नाही आणि पाचही स्वरचिन्हे आहेत. यातील 'अन' आणि 'राइट' जुन्या इंग्रजीतले, तर 'कॉपी' आणि 'एबल' फ्रेंचमार्गे आलेले लॅटिन. 'राइट'मधील 'जी-एच' आज उच्चारात नाही. एके काळी उच्चारल्या जाणाऱ्या घर्षक ध्वनीची ती लिखित खूण मागे राहिली आहे. इंग्रजीतील रोमन अक्षर अनेकदा आजचा ध्वनी सांगत नाही, शब्दाचा पूर्वेतिहास सांगते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा प्रश्न स्पष्ट होतो. 'फसीशस' (थट्टेखोर) या शब्दात 'ए, ई, आय, ओ, यू' ही पाचही स्वरचिन्हे नेमक्या क्रमाने येतात, म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण कानाला त्यात तीनच स्वर ऐकू येतात आणि त्यांतही पहिला व तिसरा जवळजवळ सारखे. देवनागरीत लिहिताच त्याचे सारे वैशिष्ट्य लोपते. जे वैशिष्ट्य लिप्यंतराने नाहीसे होते, ते ध्वनीचे नसून लेखनाचे आहे, हे उघड आहे.

अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांची 'गॅड्सबी' (१९३९) ही कादंबरी याच कसोटीवर तपासता येते. सुमारे ५०,००० शब्दांच्या या कादंबरीत 'ई' हे इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारे अक्षर वर्ज्य केले आहे. हे अक्षर गेले, की निश्चित उपपद जाते, 'तो' आणि 'ती' यांची सर्वनामे जातात, नियमित क्रियापदांचा भूतकाळही जातो. बंधन कठोर आहे यात शंका नाही. तरीही 'सेड' हे क्रियापद या नियमात बसते, कारण त्यातील एकार 'ए-आय' असा लिहिला जातो. आणि 'कम' हे बसत नाही, कारण त्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'ई' आहे. म्हणजे येथे डोळ्यांना दिसणारे चिन्ह वर्ज्य आहे, ध्वनी नव्हे.

भारतीय परंपरेतील निरोष्ठ रचनेशी या प्रकाराची तुलना करण्याचा मोह स्वाभाविक आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त ओष्ठ्य वर्ण टाळून आपली हकिकत सांगतो. प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. मराठीत मोरोपंतांचे (१७२९–१७९४) 'निरोष्ठरामायण' सर्वपरिचित आहे. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात अशा बंधनांचा विचार स्वर, स्थान आणि वर्ण यांच्या नियमांच्या रूपाने आला आहे. यांतील 'स्थान' म्हणजे मुखातील उच्चारस्थान. पवर्ग टाळला जातो तो ओठांनी उच्चारला जातो म्हणून. तो कसा लिहिला जातो याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही. निरोष्ठ रचना बाळबोधीतून मोडीत उतरवली किंवा नुसती ऐकली, तरी तिचे बंधन अभंग राहते. 'गॅड्सबी' देवनागरीत उतरवली, की तिचे बंधन दिसेनासे होते. एका रचनेचा आधार मुख, दुसरीचा आधार पान.

म्हणून 'गॅड्सबी'सारख्या कृतींना 'वर्णलोप' वा 'वर्णवर्ज्य रचना' म्हणणे हे केवळ सैल भाषांतर नव्हे. त्यामुळे दोन भिन्न काव्यव्यवहार एकच मानले जातात. मराठीत 'अक्षर' हा शब्द रोमन लिपीतील सुट्या चिन्हासाठीही योजला जातो आणि 'त्री'सारख्या स्वरयुक्त जोडाक्षरासाठीही. संगणक या 'त्री'ची साठवण त, हलन्तचिन्ह, र आणि ईकार अशा चार घटकांत करतो. वाचणारा त्याला एक अक्षर म्हणतो. व्याकरण त्यात तीन वर्ण पाहते. शब्दाची 'लांबी' किती, या साध्या प्रश्नाचे उत्तरही मग आपण काय मोजतो यावर ठरते. अध्यापनात व संशोधनात रोमन अक्षरासाठी 'लिपिचिन्ह', ध्वनीसाठी 'वर्ण' आणि स्वरयुक्त उच्चारघटकासाठी 'अक्षर' अशी त्रिविध परिभाषा कटाक्षाने पाळली, तर चित्रकाव्य व पाश्चात्त्य चिन्हवर्ज्य रचना यांच्या तुलनेला पक्का पाया मिळेल. दीर्घ इंग्रजी शब्दांचा वरवर निरुद्देश वाटणारा शोध या परिभाषेची निकड दाखवून देतो, हेच त्याचे साहित्याभ्यासातील मोल होय.