गाडीला चढावर धाप लागते तेव्हा

चिपळूणहून कराडला येत होतो. कुंभार्ली घाटात पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी खालचा गिअर टाकला आणि पेडल दाबलं. एरवी अशा वेळी टर्बो जागा होतो आणि गाडी झेपावते. या वेळी तिला उचकी लागली. दोन-तीन गचके बसले, ताकद गेली, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला आणि समोरच्या वळणावरून एसटी आली. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक मारला, म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे. घाटात ओव्हरटेक करायला नको होतं, ही चूक आधीच मान्य करतो. अर्धवट राहिलेल्या ओव्हरटेकची माणसं मी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात कित्येक वर्षं पाहत आलो आहे.

गंमत म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. कराडला एका तरुण मेकॅनिककडे नेली, तर जागेवर इंजिन कसं संथ, सुरेल. मी म्हटलं, “आता तर काहीच नाही.” तो म्हणाला, “उभ्यानं ठीकच वाटणार हो डॉक्टरसाहेब. चढाला लावल्याशिवाय कळायचं नाही.” मी मनात हसलो. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी पुष्कळदा असाच स्वच्छ येतो आणि ट्रेडमिलवर चालवलं की खरा आजार दिसतो. त्याने स्कॅनर जोडला आणि मला शेजारी बसवून गाडी चढाला घातली. टर्बोचा दाब वाढला की स्क्रीनवर मिसफायरचे आकडे वाढत होते, तेही तिन्ही सिलिंडरमध्ये. म्हणजे पेट्रोल येत होतं, पण ठिणगी पडत नव्हती.

प्लग काढले तर जवळजवळ नवे. पंधरा दिवसांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजमध्ये “आयरिडियमचे आहेत, एकदम भारी” असं सांगून घातलेले. धातू भारीच होता. पण ते प्लग त्याच इंजिनाच्या बिगर-टर्बो भावंडासाठीचे होते. आटे तेच, लांबी तीच, म्हणून बसले. गॅप मात्र १.१ मिलिमीटर. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ०.७ ते ०.८ लिहिलं आहे.

एवढ्याशा फरकाने काय होतं? फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवलं, की वायूतून ठिणगी उडवायला लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. बाहेरच्या साध्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तेच काम दहा हजारांच्या वर जातं. टर्बोने अर्धा बार दाब वाढवला, की साधारण दीडपट हवा आत येते. आता पाऊण मिलिमीटरला दीडने गुणा. उत्तर १.१ च्या आसपास येतं. म्हणजे टर्बोच्या दाबाखाली पाऊण मिलिमीटरची गॅप कॉइलकडून तेवढंच मागते, जेवढं साध्या इंजिनात १.१ ची गॅप मागते. माझ्या गाडीत १.१ ठेवून वर टर्बो चालू होता, म्हणजे मागणी दीडपट. कॉइलची ऐपत संपली, की ठिणगी एक तर पडत नाही किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून बाहेरच्या बाहेर पळवाट काढते.

मग गॅप अगदी बारीक ठेवली तर? तेही चालत नाही. फटीत जागाच नसेल तर ज्वालेचं बीज लहान राहतं, आजूबाजूचा धातू त्याची उष्णता शोषून घेतो आणि जागेवर उभी असताना गाडी थरथरते. दाबाखाली ठिणगी विझणार नाही, एवढी मोठ्यात मोठी गॅप हीच योग्य गॅप.

दुसरी गोष्ट ‘हीट रेंज’. हा शब्द गोंधळात टाकतो. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी देणारा, असा त्याचा अर्थ नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडकडे निघून जाते, त्याचं हे माप आहे. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मधे राहायला हवं. खाली गेलं तर काजळी जळून जात नाही, साचते आणि वीज तिच्यातून वाहून जाते. फार वर गेलं तर ते टोकच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. पिस्टन वर येत असताना वरून स्फोट होतो. त्यात पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. आम्ही काही औषधं रक्तातली पातळी मोजून देतो. कमी पडलं तर निरुपयोगी, जास्त झालं तर विष. तसंच हे.

टर्बोने उष्णता वाढते, म्हणून कंपनीच एक-दोन पायऱ्या थंड प्लग देते. माझ्यात बसवलेला एका पायरीने गरम होता. त्याचं नाक पांढरंफटक पडलं होतं. निरोगी नाक फिकट तपकिरी असतं. जिभेवरून आम्ही जे ओळखतो, ते मेकॅनिक इथे ओळखतो. नाकावर चमकदार बारीक ठिपके दिसले तर समजावं, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. त्यामुळे “एक नंबर वाढवून घ्या” हा सल्ला कंपनीचं नाव विचारल्याशिवाय ऐकू नये.

तरुण मुलं हल्ली गाडीचं कॉम्प्युटर ‘रिमॅप’ करून टर्बोचा दाब वाढवतात. माझा भाचाही त्यातलाच. त्याला दोन पायऱ्या थंड प्लग हवे होते, सुरक्षित म्हणून. मी विरोध केला. रोज कॉलेजला दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते कधी तापणारच नाहीत. एक पायरी थंड, गॅप ०.६५ च्या आसपास, आणि काही दिवसांनी प्लग काढून नाक बघायचं, यावर आमची तडजोड झाली. गाडी मूळ अवस्थेत असेल तर पुस्तिकेतल्या आकड्याला हातच लावू नये.

आयरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, म्हणून कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. पण ते ठिसूळही असतं. गॅप तपासताना त्याच्यावर पट्टी रेटू नये. तारेचं गेज वापरावं आणि वाकवायचंच झालं तर फक्त बाहेरची पट्टी. नवा आहे म्हणून गॅप बरोबरच असेल, असं धरू नये. प्लग थंड इंजिनात आधी हाताने फिरवून बसवावा आणि शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेप्रमाणे आवळावा. सैल राहिला तर उष्णता हेडकडे जातच नाही आणि योग्य प्लगही गरम प्लगासारखा वागतो.

आणि इंजिनाचा तो पिवळा दिवा. तो स्थिर पेटला तर सवडीने दाखवा. लुकलुकला तर पेडलवरचा पाय काढा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत असतं आणि त्याचा आतला गाभा वितळू शकतो. माझा वाचला. कराडच्या त्या मुलाने योग्य नंबरचे प्लग मागवले, प्रत्येकाची गॅप ०.७५ लावली आणि मला पुन्हा त्याच चढावर नेऊन आणल्याशिवाय पैसे घेतले नाहीत.