मोगऱ्याचा ताण

पर्वती आणि तळजाईच्या पायथ्याचं सहकारनगर हे सहकारी गृहरचना संस्थांनी वसवलेलं जुनं पुणं. पेठेतल्या वाड्यात मातीचा हक्क तुळशीवृंदावनापुरता. इथे मात्र प्लॉटच्या चारही बाजूंना जागा मोकळी सोडलेली. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतली कितीतरी कुटुंबं अशा नव्या वसाहतींत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या दारापुढे जमीन आली.

त्या काळातले जे बंगले अजून उभे आहेत, त्यांची ठेवण ओळखीची आहे. काळ्या दगडाचं जोतं, मोझॅकची फरशी, जिन्याला सिमेंटची जाळी, वर गच्ची. झाडांच्या जागाही ठरलेल्या. फाटकावर मधुमालती किंवा बोगनवेल, पोर्चच्या खांबावरून चढवलेली जाई, कुंपणाला लागून पारिजातक, म्हणजे निम्मा सडा रस्त्यावर. मोरीच्या पाण्यावर मागे अळू आणि केळ, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कढीपत्ता. आणि सकाळचं ऊन जिथे थेट पडतं तिथे मोगरा.

ही फुलबाग पाहायला लोक चैत्रात येतात. तिचं खरं काम पाहायचं तर जानेवारीत जावं. तेव्हा तिथे पाहण्यासारखं काहीच नसतं.

अशाच एका बंगल्यात माळीमामांच्या शेजारी मी बसून होतो. दिवाळीनंतर त्यांनी मोगऱ्याचं पाणी हळूहळू तोडत आणलं होतं. याला ताण देणं म्हणतात. पाणी मिळालं की मोगरा पानांचा पसारा वाढवत राहतो. ते तुटलं की वाढ थांबते आणि झुडूप विसावा घेतं. इथली जमीन मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी, त्यामुळे ताण चांगला बसतो.

कात्री चालवण्याआधी मामांनी झुडपाभोवती एक फेरी मारली. आधी वाळक्या काटक्या गेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, मग बुंध्यातून वर आलेले पेन्सिलीएवढेही जाड नसलेले फुटवे. उरलेल्या फांद्या त्यांनी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटल्या. प्रत्येक काप डोळ्याच्या जरा वर, तिरका, आणि डोळा बाहेरच्या अंगाचा. डोळा आतल्या बाजूचा ठेवला तर नवी फांदी झुडपातच शिरते आणि मध्ये हवा खेळत नाही. शेवटी राहिलेली पानंही त्यांनी हातानं ओरबाडून काढली. मुंजीतल्या बटूसारखा मोगरा पार बोडका झाला.

घरच्या आजी व्हरांड्यातून पाहत होत्या. त्यांना राहवेना. “मामा, अहो एवढा नका हो कापू!”

“आई, आत्ता माया केली तर चैत्रात देवाला फूल मिळायचं नाही,” मामा मान वर न करता म्हणाले.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुनी फांदी राखली तर सावली मिळेल, फूल नाही. बोगनवेलीचंही तसंच, म्हणून तिची छाटणी पाऊस सरल्यावर उरकलेली होती. जाईला मात्र मामांनी वेगळा न्याय लावला. मुख्य वेल खांबावर तशीच ठेवून फक्त बाजूच्या फांद्या आखूड केल्या. तिचा बहर पावसाळ्यातला.

जाड कापांवर चुना आणि मोरचुदाची निळसर पेस्ट लागली. मग खुरप्यानं आळं उकरून माती काही दिवस उन्हात तापू द्यायची, त्यात कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि त्यानंतरच पहिलं भरपूर पाणी. बोडक्या काड्यांवर लालसर-हिरवे कोंब दिसायला लागले की ताण सुटला.

या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती उघडी जमीन आणि कधी काय तोडायचं हे जाणणारा हात. पुनर्विकासात आधी जमीन जाते. नव्या इमारतीच्या चारही अंगांना पार्किंग आणि फरसबंदी येते, बाग कुंड्यांत जाते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला परवानगी काढावी लागते. मोगऱ्याच्या झुडपासाठी आणि जाईच्या वेलीसाठी कुणाला काही विचारावं लागत नाही.

म्हणून ज्यांच्या बंगल्याचा करार व्हायचा आहे त्यांना एवढंच सांगणं: इमारतीच्या पूर्वेला चार फुटांची मातीची पट्टी उघडी राहील, हे करारातच लिहून घ्या. आणि घर पाडण्याआधीच्या पावसाळ्यात मोगऱ्याची एक खालची फांदी वाकवून मातीत दाबा. पाऊस संपेपर्यंत तिला मुळं फुटतात. हे दाब कलम फुकट होतं, आणि घरचाच मोगरा नव्या पत्त्यावर जातो.