आसवनीचे सांडपाणी व त्याचे संस्करण

उसाच्या मळीचे किण्वन (आंबवण्याची क्रिया) करून ऊर्ध्वपातनाने एथिल अल्कोहॉल वेगळे काढल्यावर जे गडद तपकिरी, अम्लधर्मी व उष्ण पाणी उरते, त्यास आसवनीचे सांडपाणी म्हणतात. उद्योगात ते ‘स्पेंट वॉश’ या नावाने ओळखतात. ऊस पिकविणाऱ्या भागांत ‘मळीचे पाणी’ असा शब्द रूढ आहे. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांच्या सांडपाण्यांत हे अत्यंत तीव्र समजले जाते. उसाने जमिनीतून घेतलेली, पण साखर वा अल्कोहॉल यांत न गेलेली बरीचशी द्रव्ये या पाण्यात एकवटतात. त्यामुळे ते नदीस जितके घातक, तितकेच योग्य संस्करणानंतर शेतास उपयुक्त ठरू शकते.

उत्पत्ती व घटक : साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर राहणारा दाट, काळपट पाक म्हणजे मळी. एक टन उसापासून ती सुमारे ४० ते ४५ किग्रॅ. मिळते. मळीत पाणी घालून यीस्टच्या साहाय्याने किण्वन केले जाते व तयार झालेल्या द्रवातून अल्कोहॉल ऊर्ध्वपातनाने काढून घेतात. जुन्या पद्धतीच्या आसवनीत एक लिटर अल्कोहॉलमागे ८ ते १५ लि. सांडपाणी निर्माण होते. त्याचे पीएच मूल्य सुमारे ४ ते ४·५, जैव ऑक्सिजन मागणी साधारणपणे ४०,००० ते ६०,००० मिग्रॅ./लि. आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी सुमारे एक लक्ष मिग्रॅ./लि. असते. यांशिवाय त्यात पोटॅशियम, सल्फेटे, नायट्रोजनयुक्त पदार्थ व मृत यीस्ट असतात. पाण्याचा गडद रंग मुख्यतः मेलॅनॉयडिने या संयुगांमुळे येतो. शर्करा व ॲमिनो अम्ले उष्णतेने एकमेकांशी संयोग पावून ती बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी कामीय मेलार यांनी १९१२ मध्ये या विक्रियेचे वर्णन केले.

प्रदूषणाचे स्वरूप : या पाण्याची तीव्रता पुढील हिशेबावरून लक्षात येईल. दररोज ३०,००० लि. अल्कोहॉल तयार करणाऱ्या आसवनीत लिटरमागे १२ लि. या प्रमाणात ३,६०,००० लि. सांडपाणी निघते. त्याची जैव ऑक्सिजन मागणी ४५,००० मिग्रॅ./लि. धरल्यास रोजचा भार १६ टनांहून अधिक होतो. घरगुती सांडपाण्याचा दरडोई भार दिवसास ४५ ग्रॅ. धरला, तर अशी एक आसवनी ३,६०,००० वस्तीच्या शहराइतके प्रदूषण करू शकते. म्हणजेच प्रत्येक लिटर सांडपाणी एका माणसाच्या दिवसभराच्या मैलापाण्याच्या तोडीचे असते. ते प्रवाहात गेल्यास सूक्ष्मजंतू पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. गडद रंगामुळे सूर्यप्रकाश पाण्यात शिरत नाही व पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. तळास अस्तर नसलेल्या तळ्यांत ते साठविल्यास पाझरून आसपासच्या विहिरींत उतरते. विहिरीचे पाणी एकदा पिवळसर व खारट झाले की, ते पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतीत ज्यांचा ऊस गाळला जातो त्या सभासदांच्याच विहिरींना हा धोका संभवतो.

अवायुजीवी संस्करण : सांडपाण्यातील कार्बनी द्रव्य इतके अधिक असते की, हवा मिसळून ते विघटित करण्यास फार ऊर्जा लागते. म्हणून प्रथम बंदिस्त पाचकात हवेविना जगणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडून त्याचे विघटन करवितात. एक गट जटिल पदार्थांची साधी कार्बनी अम्ले बनवितो. मिथेनजनक जंतू त्यांपासून मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात. मिथेनजनक जंतूंची वाढ मंद असते व अम्लता वाढल्यास त्यांचे कार्य थांबते. म्हणून तापमान व पीएच मूल्य यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. हे जंतू पाण्याबरोबर वाहून जाऊ नयेत यासाठी निरनिराळ्या रचना योजतात. त्यांपैकी ऊर्ध्वप्रवाही गाळथर पाचक ही रचना नेदर्लंड्समधील वाखेनिंगेन येथे खात्से लेटिंगा यांनी १९७०–८० या दशकात बीट-साखर उद्योगाच्या सांडपाण्यासाठी विकसित केली.

या क्रियेने जैव ऑक्सिजन मागणी ८० ते ९० टक्के व रासायनिक ऑक्सिजन मागणी ६० ते ७० टक्के घटते. एक घ. मी. सांडपाण्यापासून सुमारे २५ ते ४० घ. मी. वायू मिळतो व त्यात जवळजवळ ६० टक्के मिथेन असतो. हा वायू बाष्पित्रात जाळून आसवनीला लागणारी वाफ मिळविता येते. सल्फेटांमुळे वायूत हायड्रोजन सल्फाइड येतो. तो विषारी व धातू झिजविणारा असल्याने वायू आधी धुऊन घ्यावा लागतो.

उर्वरित द्रव्याची विल्हेवाट : पाचकातून निघालेल्या पाण्याची जैव ऑक्सिजन मागणी तरीही कित्येक हजार मिग्रॅ./लि. राहते. मेलॅनॉयडिने जंतूंना सहसा पचत नाहीत व पोटॅशियमाचे क्षार जसेच्या तसे राहतात. म्हणून पुढील उपाय योजतात. (१) कंपोस्ट : उसाच्या रसातून गाळून निघणाऱ्या प्रेसमडच्या लांबट ढिगांवर हे पाणी टप्प्याटप्प्याने शिंपडून यंत्राने ढीग उलटेपालटे करतात. विघटनाच्या उष्णतेने पाणी उडून जाते व खत तयार होते. यासाठी अच्छिद्र तळाचे विस्तृत आवार लागते. पावसात ही पद्धत चालत नाही. (२) संहतीकरण व ज्वलन : बहुप्रभावी बाष्पकांत पाणी उडवून घन द्रव्याचे प्रमाण सुमारे ५५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढवितात व तो दाट द्रव कोळसा किंवा बगॅस यांच्या जोडीने खास बाष्पित्रात जाळतात. बाष्पकांतून मिळालेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. पोटॅशियमाचे क्षार बाष्पित्राच्या नळ्यांवर चिकटतात, ही या पद्धतीतील मोठी अडचण होय. ज्वलनानंतरच्या राखेपासून पोटॅशयुक्त खत बनते. भारत म्यूरिएट ऑफ पोटॅशसाठी आयातीवर अवलंबून असल्याने या खतास विशेष महत्त्व आहे. २०२१ मध्ये मळीजन्य पोटॅशचा समावेश केंद्र शासनाच्या पोषकद्रव्याधारित अनुदान योजनेत करण्यात आला.

नियंत्रण : महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला व १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, केंद्रीय जल अधिनियम १९७४ चा आहे. आरंभी सांडपाणी ठराविक मर्यादेपर्यंत शुद्ध करून सोडण्यावर भर होता. २००३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय व उद्योग यांच्यात ठरलेल्या सनदेनुसार मळीवर चालणाऱ्या आसवन्यांनी नद्यांत सांडपाणी मुळीच न सोडण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. तेव्हापासून संहतीकरणाकडे कल वाढला.

पुणे परिसरातील कार्य : पुणे जिल्ह्यात नीरा व भीमा यांच्या खोऱ्यांत ऊस व साखर कारखाने एकवटले असून या विषयाच्या अभ्यासाचे पुणे हे प्रमुख केंद्र आहे. शहरालगत मांजरी येथे १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाले. पुढे त्यास वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तेथे ऊसशेती व साखरनिर्मिती यांबरोबर अल्कोहॉल तंत्रविद्या व पर्यावरणशास्त्र यांचेही विभाग आहेत. आसवन्या व त्यांच्या सांडपाण्यासाठी यंत्रसामग्री पुरविणारा उद्योगही पुण्यात वाढला आहे.

अन्य देशांतील तुलना : भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांतून निघणारे काळे पाणी याच जातीचे होय. त्यातील फिनॉली संयुगे जंतूंना मारक असल्याने त्याचे पचन अधिक कठीण असते. इटलीत १९९६ च्या कायद्याने ते शेतात दर हेक्टरी वर्षास ५० ते ८० घ. मी. या मर्यादेत, घाण्याच्या प्रकारानुसार, पसरविण्यास परवानगी दिली. स्पेनमध्ये १९९० नंतर तेल काढताना पाणी अत्यल्प वापरणारी पद्धत रूढ झाल्याने प्रवाही सांडपाणी बरेच कमी झाले, परंतु दूषित द्रव्य ओल्या चोथ्यात उतरले. आसवनीच्या बाबतीतही असेच घडते : संस्करणाने द्रव्य नाहीसे होत नाही, तर ते वायू, राख वा खत या रूपांत स्थलांतरित होते. शेतात देताना पोटॅश व क्षार यांची मात्रा मातीच्या परीक्षणानुसार ठरविली, तरच त्या द्रव्याचा लाभ होतो. अन्यथा नदीऐवजी जमीन बिघडते.